पाट, पेन्शन आणि पाळणा



कल्याणकारी राज्याचा लग्नावर, काडीमोडीवर आणि अपत्यसंख्येवर काय परिणाम होतो, असा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यापुढे ठेवला आहे. विषय खरे तर विद्यापीठातील विद्वानांचा. माझे शिक्षण शाळेत झाले त्याहून अधिक युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा सिद्धान्त मांडण्याचे काम ज्यांचे त्यांच्याकडे ठेवून मी खानदेशातल्या, म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या, चार-दोन गोष्टींचा इतिहास आपणांस सांगणार आहे. तो सांगताना खानदेशाबाहेर जावे लागेल, पण फार वेळ नव्हे.

या विषयावर बाजारात दोन मते चालतात. एक म्हणते, सरकार पोसू लागले की बाईला नवऱ्याची आणि म्हाताऱ्याला मुलाची गरज उरत नाही, मग कुटुंब मोडते. दुसरे म्हणते, संसार गरिबीने मोडतात. हातात चार पैसे आले की ते टिकतात. दोन्ही पक्ष रकमेचा हिशोब करतात. माझ्या धंद्यात मला जे दिसले ते असे की रक्कम बहुतेक वेळा इतकी थोडी असते की तिने संसार उभाही राहत नाही आणि मोडतही नाही. संसारात हात घालते ती रकमेबरोबर येणारी अट. ती अट कोणी, कधी, कशासाठी घातली, हे पाहिले म्हणजे विषय बराच उलगडतो.

आरंभ पाटापासून करू. तरुण श्रोत्यांना हा शब्द कदाचित स्वयंपाकघरातला किंवा पाटबंधाऱ्यातला वाटेल. ब्राह्मण व काही वाणी जाती सोडल्या तर आपल्याकडच्या बहुतेक जातींत विधवेला दुसरा नवरा करण्याची मोकळीक होती. त्या लग्नाला पाट किंवा मोहतूर म्हणत. तो रात्रीच्या वेळी लागे, थोडक्या माणसांत, वाजंत्रीवाचून. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसे, तिने मंगलकार्यात पुढे येऊ नये असा संकेत असे. हा सन्मानाचा विवाह होता असे मी म्हणणार नाही. पण पंचविशीतल्या बाईने जन्मभर भिंतीला टेकून बसावे असा दंडकही नव्हता. १८८० साली सरकारने खानदेशचे गॅझेटियर छापले. त्यात जातीजातींचे वर्णन देताना विधवेला पुनर्विवाहाची मुभा आहे की नाही, याची नोंद पुनःपुन्हा येते. ज्या समाजसुधारणेसाठी पुण्या-मुंबईत विद्वानांची डोकी फुटत होती, ती सातपुड्याच्या पायथ्याशी कुणब्या-माळ्यांच्या घरी रात्रीच्या अंधारात, वाद न घालता, पिढ्यानपिढ्या चालली होती.

आता या पाटाकडे राज्य कोणत्या नजरेने पाहत होते ते पाहा. मराठेशाहीत ‘पाटदाम’ नावाची एक पट्टी होती. विधवेचा पाट लागला म्हणजे सरकारात पैसे भरायचे. राज्याला त्या बाईच्या सुखदुःखाशी कर्तव्य नव्हते. खिसा गरम करून ते बाजूला होई. पट्टी भरली की पाट पक्का. पैशाचा भुर्दंड होता, पण तो एकदाच होता आणि त्यानंतर कोणी विचारीत नसे.

मग इंग्रज आला आणि १८५६ साली विधवापुनर्विवाहाचा कायदा झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी जिवाचे रान केले, आणि ते वंदनीयच आहे. शाळेच्या पुस्तकात कायद्याचे पहिले कलम शिकवतात : विधवेचा विवाह कायदेशीर मानावा. दुसरे कलम शिकवीत नाहीत. त्यात म्हटले होते की विधवेने पुन्हा लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जाईल. ती जणू मेली असे समजून ती मिळकत पुढच्या वारसांकडे जाईल. ज्या जातींत पुनर्विवाहच नव्हता, त्यांना हा सौदा फायद्याचा होता. काही नव्हते तेथे काही मिळाले. पण ज्यांच्यात पाट आधीपासून होता, त्यांचे काय? त्यांना या कायद्याची मुळात गरजच नव्हती. तरीसुद्धा १८९६ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या दाव्यात ठरवले की जातीच्या रूढीने पाट लावणाऱ्या विधवेलाही हे कलम लागू आहे, तिचाही हक्क जातो. गंमत अशी की अलाहाबादच्या हायकोर्टाने याच्या उलट मत धरले होते. म्हणजे यमुनेकाठच्या विधवेने रूढीप्रमाणे दुसरा घरोबा केला तर जमीन तिच्याकडे राहू शके आणि तापीकाठची तेच करील तर जमीन जाई.

याचा अर्थ शेतावर काय झाला असेल, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगायला नको. काळ्या जमिनीची आठ बिघे ज्या विधवेच्या नावावर, तिच्या पाटाची काळजी दिराला आणि पुतण्यांना अचानक वाटू लागणारच. पाट लावून दिला की जमीन मोकळी. उलट जिला जमीन सोडायची नाही, तिने पाट लावायचा नाही. सुधारणेच्या कायद्याने एका जातीच्या बाईचे दार उघडले आणि दुसऱ्या जातीच्या बाईच्या दारात उंबरठा उंच केला.

हे कलम पुढे हळूहळू निकालात निघाले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पूर्ण मालकीचा वाटा दिला. वाटा एकदा मिळाल्यावर तिने लग्न केले म्हणून तो काढून घेता येत नाही. १८५६चा जुना कायदा १९८३ साली रद्द झाला. सुनेच्या आणि भावजयीच्या वारसाहक्कापुरती पुनर्विवाहाची अडचण १९५६च्या कायद्यात एका कोपऱ्यात उरली होती, तीही २००५च्या दुरुस्तीने गेली. जमिनीच्या बाबतीत हे भांडण जवळजवळ दीडशे वर्षांनी संपले.

परंतु एव्हाना आमच्या माणसांजवळ जमीन उरली होती कोठे? जळगावची कापडगिरणी एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली, पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. भुसावळला रेल्वे आली. गाव सोडून आलेल्या माणसाची इस्टेट म्हणजे त्याचा पगार. तो मेला की मागे सात-बाराचा उतारा राहत नाही. राहते ती पगारातून कापलेल्या पैशाची नोंद. गिरणीकामगाराच्या विधवेची जमीन म्हणजे तिचे पेन्शन.

अशा विधवेसाठी राज्याने काय केले? पहिला कायदा १९२३ सालचा, कामगार नुकसानभरपाईचा. कामावर असताना अपघातात माणूस गेला तर वारसांना ठरावीक रक्कम द्यावयाची. रक्कम तुटपुंजी होती, ती मिळवण्यासाठी खेटे पडत, पण ती एकदाच ठरे आणि बाईने पुढे काय करावे याची चौकशी त्यात नव्हती. मग स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, कामगार राज्य विम्याचा कायदा आला. माझ्या मते स्वतंत्र भारताने कामगारांसाठी केलेले हे फार मोठे काम आहे. पण त्याच्या परिशिष्टात कामावर मेलेल्या कामगाराच्या विधवेला मिळणाऱ्या मासिक लाभाविषयी लिहिले होते की तो तिला हयातभर किंवा पुनर्विवाह होईपर्यंत मिळेल. १९७१च्या कुटुंब-पेन्शन योजनेचे आणि १९९५ सालच्या १६ नोव्हेंबरपासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेचे तेच. विधवेचे पेन्शन मरेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करीपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोपर्यंत.

पाहा, १८५६चे दुसरे कलम पुन्हा आले. तेव्हा जमीन जात होती, आता पेन्शन जाते. विद्यासागरांच्या काळातले ते वाक्य जमिनीच्या कायद्यातून हुसकावून लावले गेले आणि मागच्या दाराने कल्याणाच्या कायद्यात येऊन बसले.

दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर बायका हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ करतात, हे आपण पाहिले असेल. पूर्वी त्या दाखल्याबरोबर आणखी एक कागद असे : मी पुनर्विवाह केलेला नाही. आता यंत्रावर बोट ठेवायचे असते, पण तो प्रश्न त्या यंत्रातही आहेच. बत्तीस वर्षांच्या बाईने दरवर्षी सरकारपुढे उभे राहून सांगायचे की मी जिवंत आहे आणि एकटी आहे. पैकी पहिली गोष्ट विचारणे मी समजू शकतो.

आमच्या कचेरीत अशा बायका येतात. प्रश्न सरळ विचारीत नाहीत. आधी दुसऱ्याच कुठल्या कागदाचे विचारतात, चहा होतो, मग दाराकडे जाताना थांबून म्हणतात, “भाऊ, दुसरा घरोबा करा तं मनं पेन्शन बंद व्हई जाई का?” मी काय सांगणार? कायदा सांगतो. हो, बंद होईल. मुले लहान असतील तर तुझ्याऐवजी त्यांना अनाथ म्हणून वाढीव दराने मिळेल. आई जिवंत असताना मुलांनी अनाथ व्हायचे, हा शब्द ऐकून एक बाई उठून गेली ती पुन्हा आली नाही.

आणि रक्कम तरी केवढी? २०१४च्या सप्टेंबरपासून या योजनेतले किमान पेन्शन महिना १००० रुपये झाले. हजार रुपयांसाठी कोणी लग्न सोडते काय, असे मला एका प्राध्यापकांनी विचारले होते. ज्याच्या घरी महिन्याला पगार येतो त्याला हजाराचे वजन कळणे कठीण आहे. डाळमिलमध्ये रोजाने काम करणाऱ्या बाईचे काम हंगामाबरोबर जाते, चटईच्या कारखान्यातले काम ऑर्डरीबरोबर जाते. पहिल्या तारखेला न चुकता येणारा पैसा घरात हा एकच. दुसरा नवरा दारू पिणारा निघाला, तर गेलेले पेन्शन परत येणार आहे काय? ती बाई मूर्ख नाही. आपल्या भवितव्याचा विमा ती उतरवीत असते.

मग काय होते? काहीजणी लग्न करीतच नाहीत. काहीजणी करतात आणि कोणाला सांगत नाहीत. देवळात हार घातला, गावाला माहीत, बँकेला माहीत नाही. जुन्या काळी अंधारात पाट लागे तो निदान पंचांपुढे लागे, त्याला साक्षीदार असत. आज सरकारच्या भीतीने जो घरोबा होतो त्याला पुरावाच नसतो, कारण पुरावा ठेवणे धोक्याचे. मग दहा वर्षांनी तो दुसरा पुरुष मेला की त्याच्या फंडावर आणि त्याच्या पेन्शनवर हिचा हक्क कोणत्या कागदाने सांगायचा? पहिल्याची विधवा म्हणून घेत राहिली म्हणून दुसऱ्याची विधवा होता येत नाही. अशा दोन बायकांचे कागद मी स्वतः हाताळले आहेत. दोन्ही वेळा बाईने दुसऱ्या दाव्याचा अर्ज फाडून टाकला.

या अटीची मूळ कल्पना कोठून आली? इंग्लंडात १९२५ साली विधवांना वर्गणीच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यात पुनर्विवाहाने पेन्शन थांबे. त्यामागचा विचार असा की बाई ही कोणाच्या तरी पगारावर जगणारी असते. एक पगार बंद पडला म्हणून राज्याने हात दिला, दुसरा पगार मिळाला की राज्याने हात काढून घेतला. वरकरणी हे न्याय्य दिसते. सरकारच्या तिजोरीला तळ असतो, ज्याला अधिक गरज त्याला आधी, आणि पहिल्या नवऱ्याच्या मुलांचे पैसे दुसऱ्याच्या घरी जाऊ नयेत, हे मुद्दे मी हसण्यावारी नेत नाही. मुलांचा वाटा तर वेगळा राखलाच पाहिजे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की आपल्याकडची कामगार बाई कधीच केवळ नवऱ्याच्या पगारावर जगलेली नाही. कपाशी वेचणारी, जिनिंगमध्ये सरकी उचलणारी, विड्या वळणारी तीच आहे. दुसरी ही की फंडाचे पेन्शन हे दान नव्हे. १९९५च्या योजनेत मालकाच्या वर्गणीतले पगाराच्या ८.३३ टक्के त्या खात्यात जातात. कराराच्या टेबलावर बसलेला प्रत्येक युनियनवाला जाणतो की मालकाची वर्गणी म्हणजे कामगाराच्या पगाराचाच बाजूला ठेवलेला भाग. मेलेल्या माणसाने घामाने कमावलेली ती मिळकत आहे. तिला जमिनीचा न्याय लावावयाचा की भिकेचा?

केंद्र सरकारने आपल्या नोकरांच्या बाबतीत या अटीला थोडी सूट दिली आहे. सहाव्या वेतन आयोगापासून मूलबाळ नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केले तरी, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर, कुटुंबपेन्शन चालू राहते. सचिवालयातल्या कारकुनाच्या विधवेला जे मिळू शकते, ते पाईप कारखान्यातल्या हेल्परच्या विधवेला का नाही, हा प्रश्न आम्ही अर्जांतून विचारला आहे. अर्जाला आवक क्रमांक मिळाला.

अटीचा लग्नावर किती जोर चालतो हे ज्याला मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असेल त्याने स्वीडनकडे पाहावे. कल्याणकारी राज्य म्हटले की ज्याचे नाव प्रथम घेतात तो हा देश. तेथे तरुण जोडपी लग्नावाचून एकत्र राहू लागली होती आणि लग्नांची संख्या घटत होती. सरकारने ठरवले की विधवा-पेन्शन बंद करावयाचे. मात्र १९८९ साल संपण्यापूर्वी ज्यांचे लग्न झालेले असेल, अशा बऱ्याच बायकांचा जुना हक्क राखून ठेवावयाचा. १९८८ साली त्या देशात सुमारे ४४ हजार लग्ने लागली होती. १९८९ साली एक लाखाहून अधिक लागली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या डिसेंबरात. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा चाळीस हजारांच्या घरात आला. स्वीडिश माणसाला डिसेंबरच्या थंडीत एकाएकी प्रेमाचा उमाळा आला, असे कोणी म्हणणार नाही. तेथे अटीने लोकांना बोहल्यावर चढवले, आपल्याकडची अट बोहल्यावरून उतरवते. लोक सारखेच, फक्त कलम उलटे.

आता काडीमोडीकडे वळतो. येथेही आपल्याकडचा इतिहास शाळेत सांगतात त्याहून वेगळा आहे. पाट ज्या जातींत होता, त्यांत फारकतही होती. पंच बसत, देण्याघेण्याचे ठरे, काडी मोडली की दोघे मोकळे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांत बाई दुसऱ्याकडे गेली तर नव्या नवऱ्याने जुन्याचे देज फेडावे, की मिटले. १९४६ साली मुंबई प्रांताने पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली, १९४७ साली सर्व हिंदूंना कोर्टातून घटस्फोट खुला केला. दिल्लीचा हिंदू विवाह कायदा १९५५चा, म्हणजे या बाबतीत मुंबई पुढे होती. १९५५च्या कायद्याने रूढीची फारकतही रद्द केली नाही, ती एकोणतिसाव्या कलमाने राखली. पण कलमात राखलेली गोष्ट टेबलावर चालतेच असे नाही. पंचांपुढची फारकत घेऊन बाई अनुदानाचा अर्ज करायला गेली की कारकून विचारतो, कोर्टाचा कागद कोठे आहे?

महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. तीत विधवा आल्या, घटस्फोटित आल्या, टाकलेल्या बायकाही आल्या. ही मोठी गोष्ट आहे. टाकलेल्या बाईला तोपर्यंत सरकारी कागदात नावच नव्हते. ती विवाहित, म्हणजे नवऱ्याच्या जबाबदारीतली. आणि नवरा तर दुसरीबरोबर सुरतेला. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसला. पण योजनेची अट आपल्या जागी होतीच : निराधार असल्याचे सिद्ध करा. विधवेला मृत्यूचा दाखला असतो. टाकल्याचा दाखला कोण देणार? ज्याने टाकले तो? अट पुरी करण्यासाठी बाईला आपले दुःख चार ठिकाणी, चार पुरुषांपुढे सांगावे लागते, आणि वर्षाला २१ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा अशी की बाजारच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन बसणारीही प्रामाणिकपणे अर्ज भरील तर बाद होईल. अनुदानामुळे बायका नवरे सोडू लागल्या, असे म्हणणारे लोक आहेत. मी तशी एकही पाहिली नाही. अनुदान नाही म्हणून मारकुट्या नवऱ्याकडे परत गेलेल्या मात्र पाहिल्या आहेत.

२०२४च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली. निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या योजनेचे मी ढोल पिटणार नाही आणि तिजोरीचे काय होईल हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते तिच्यात एक नवे होते. एकवीस ते पासष्ट वर्षांची बाई, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १५०० रुपये. विवाहित असो, विधवा असो, टाकलेली असो. म्हणजे नवरा आहे की गेला याने रक्कम बदलत नव्हती. आता हिशोब मांडा. निराधार योजनेतले अनुदान २०२३ सालीच १५०० झाले होते. विधवेने पुनर्विवाह केला तर एका योजनेतले १५०० गेले आणि विवाहित स्त्री म्हणून दुसऱ्या योजनेचे तितकेच १५०० मागायला ती पात्र झाली. एकाच सरकारने एका टेबलावर जे शिक्षा म्हणून काढले, ते दुसऱ्या टेबलावर हक्क म्हणून दिले. याचा अर्थ पुनर्विवाहाची अट काढली तर तिजोरी बुडते असे नव्हे. पुढे २०२५मध्ये पडताळणीसाठी नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागण्यात आला, तेव्हा टाकलेल्या बायका पुन्हा त्याच जुन्या प्रश्नापाशी येऊन उभ्या राहिल्या.

राहता राहिला पाळणा. येथे आमच्या चळवळीचा इतिहास मोठा आहे. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतीण बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असा त्यांचा रोख होता. १९२९ साली कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे रोज आठ आणे मिळू लागले. पण भार पडला तो एकट्या मालकावर. परिणाम काय व्हायचा तो झाला. बाई गरोदर दिसली की तिचे नाव हजेरीतून काढण्याची युक्ती मालकांना सुचली, आणि हळूहळू बाई घेऊच नये हीही सुचली. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढच्या पन्नास वर्षांत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. नवी यंत्रे आणि रात्रपाळीची बंदी ही कारणेही त्यात आहेत. पण प्रसूतिलाभ कोणाच्या खिशातून जातो, हे कारण मालक लोक उघड बोलत.

१९४८च्या विमा कायद्याने ही चूक सुधारली. वर्गणी सर्वांच्या डोक्यावर, बाई असो वा पुरुष, आणि बाळंतपणाचा खर्च निधीतून. मालकाला बाई महाग पडण्याचे कारण उरले नाही. पण विमा जेथे पोचला नाही तेथे १९६१चा प्रसूतिलाभ कायदा पुन्हा मालकाच्याच खिशाकडे वळला. मालकांची पळवाटही तयार होती. मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीत बायकांच्या नोकरीला नियमच होता की लग्न झाले की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियन भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६५ साली तो नियम मोडून काढला. कंपनीचे म्हणणे होते की विवाहित बायका फार रजा घेतात. न्यायालयाने विचारले, मग विधवा चालते ती कशी? तिला मुले नसतात काय? ज्या काळात नोकरीसाठी कुमारिका राहावे लागे, त्या काळी त्या कंपनीच्या पॅकिंग खात्यातल्या मुलींच्या लग्नाची तारीख मालक ठरवीत होता, असे म्हटले तर ते अलंकारिक नाही.

२०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण विमा नसलेल्या ठिकाणी हा सारा पगार पुन्हा मालकानेच द्यावयाचा आहे. एमआयडीसीत मुलाखतीला गेलेल्या मुलींना काय विचारतात ते त्यांनाच विचारा. लग्न झाले काय? मूल किती? पुढचे केव्हा? आणि कायद्यात आणखी एक पाचर आहे : दोन मुले हयात असतील तर तिसऱ्या वेळी सव्वीस नाही, बाराच आठवडे. तिसऱ्या बाळंतपणात बाई कमी थकते, असा कोणा वैद्याचा शोध मला माहीत नाही.

या अटीने मुले कमी झाली काय? महाराष्ट्रात १९९२-९३च्या पाहणीत बाईमागे सुमारे २.९ मुले होती, २०१९-२१च्या पाहणीत १.७. पण ही घट शेतमजूर बायकांतही झाली, ज्यांना प्रसूतिरजा हा शब्दही लागू नाही. लस पोचली, मुले जगू लागली. मुली शाळेत गेल्या. शस्त्रक्रियेची सोय तालुक्याला आली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, ते कायदा होऊ शकले नाही, आणि त्याच्यावाचूनच पाळणे कमी हलू लागले. पण कमी मुले हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, अशी दुहेरी ओढ लागली म्हणजे काय होते ते जळगाव जिल्ह्याने दाखवले. सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे २००१ साली ८८० मुली होत्या, २०११ साली ८४२ राहिल्या. गर्भलिंगतपासणीवर देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केलेला, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. २०२३पासून लेक लाडकी योजनेत गरीब घरच्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार मिळावयाचे आहेत, त्यांतले पंचाहत्तर हजार अठरा वर्षे पुरी झाल्यावर. अठराची अट चांगली आहे, बालविवाहाला ती आडवी येते. फक्त आमच्या वस्तीत त्या पंचाहत्तर हजारांना आताच ‘लग्नाचे पैसे’ असे नाव पडले आहे, शिक्षणाचे नव्हे.

मुलगा हवा तो म्हातारपणासाठी. फंडाचे हजार-दीड हजार मिळणारा कामगार आणि काहीच न मिळणारा शेतमजूर, दोघांचाही खरा प्रॉव्हिडंट फंड म्हणजे मुलगा. तो फंडही बुडतो हे सरकारला ठाऊक आहे, म्हणून पासष्टीच्या पुढच्या निराधार वृद्धांना राज्य निवृत्तिवेतन देते. योजनेचे नाव मात्र श्रावणबाळ ठेवले आहे. आईबापांना कावडीत घालून नेणारा तो. ज्यांचा श्रावण सुरतेहून फोनही करीत नाही, त्यांनी त्याच्या नावाच्या अर्जावर अंगठा उठवायचा.

या योजनेत वय विचारतात, उत्पन्न विचारतात. पुनर्विवाहाची अट तीत नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका म्हातारीचा अर्ज भरताना मी तिला हे मुद्दाम सांगितले, कारण तिने तिशीत विधवा झाल्यापासून पेन्शनसाठी दुसरा घरोबा टाळला होता, हे मला ठाऊक होते. मी म्हटले, आजी, आता सरकारची काही हरकत नाही. तिने तोंडावर पदर घेतला आणि हसत म्हणाली, “आते कोनासंगे पाट लावू, भाऊ?”